सगळा स्वयंपाक नको, अर्धाच करून ठेवा

सुट्टीच्या दिवशी चार तास ओट्यापाशी उभं राहून आठवड्याभराचे डबे भरायचे आणि तिसऱ्या दिवशी तोच पदार्थ पुन्हा ताटात आला की घरच्यांची तोंडं बघायची. आठवड्याचा स्वयंपाक एकदम उरकायची कल्पना ऐकायला छान वाटते, पण ती फार दिवस टिकत नाही. तयार पदार्थाची चव रोज थोडी उतरते, फ्रीजमधली जागा अडते आणि मनात वेगळं काही खायचं आलं तर डबा तसाच पडून राहतो.

खरा वेळ कुठे जातो ते एकदा घड्याळ लावून पाहा. चव आणणारं काम, म्हणजे मसाला घालणं, एकत्र करणं, शेवटची उकळी, हे दहा-पंधरा मिनिटांत होतं. बाकीचा वेळ सोलण्यात, चिरण्यात, कांदा लाल होण्याची वाट पाहण्यात आणि कडधान्य शिजण्यात जातो. ही कामं पदार्थ ठरायच्या आधीही करून ठेवता येतात. म्हणून पूर्ण पदार्थ न करता त्याची आधीची पायरी तयार ठेवावी. शिजवून ठेवलेले चणे सॅलडमध्ये जातात, सूपमध्ये जातात आणि रश्शातही. शिजवून ठेवलेला रस्सा मात्र रस्साच राहतो.

सुरुवात कांद्यापासून, कारण सर्वांत जास्त वेळ तोच खातो. ‘कांदा पाच मिनिटांत लालसर परता’ असं पाककृतीत लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. पाच मिनिटांत कांदा फार तर पारदर्शक होतो. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं आणि ते निघून जाईपर्यंत तो खऱ्या अर्थानं लाल होत नाही. मंद आचेवर नीट तपकिरी व्हायला पाऊण तास लागतो. मग तो रोज थोडा थोडा करण्यापेक्षा एकदाच दोन किलोंचा करा.

चिरताना शेंड्याकडचा भाग काढा, मुळाकडचा राहू द्या. तो शेवटपर्यंत राहिला की पाकळ्या सुटून घसरत नाहीत. पाच-सहा मिलीमीटर जाडीचे काप पुरतात. त्याहून पातळ केले तर कडा आधी करपतात. चिरायच्या आधी अर्धा तास कांदे फ्रीजमध्ये ठेवले आणि सुरी धारदार असली की डोळ्यांतून पाणी कमी येतं.

आता रुंद, जाड बुडाचं पातेलं घ्या. त्यात चार-पाच मोठे चमचे तेल, सगळा कांदा, दीड चहाचा चमचा मीठ आणि अर्धा कप पाणी घाला. तेलात पाणी घालायचं हे वाचून हात अडखळेल, पण गंमत इथेच आहे. झाकण ठेवून मध्यम-मोठ्या आचेवर बारा-पंधरा मिनिटं ठेवा. वाफेनं सगळा कांदा एकसारखा मऊ पडतो, मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं आणि या वेळात तुम्हाला ढवळत उभं राहावं लागत नाही. मग झाकण काढा, पाणी आटू द्या. आटत आलं की तळाशी तपकिरी थर धरायला लागतो. तो करपायच्या आत दोन चमचे पाणी शिंपडून खरवडून कांद्यात मिसळा. असं चार-पाच वेळा करावं लागेल. पंचवीस-तीस मिनिटांत कांदा गडद, चिकट आणि मुरंब्यासारखा दिसू लागतो. दोन किलोंचे सगळे मिळून पाचशे-सहाशे ग्रॅम उरतील, तेव्हा ‘एवढाच?’ असं वाटेल. तेवढाच उरायला हवा, नाहीतर पाणी अजून आत आहे.

इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे छोट्या पातेल्यात ढीग करणं. मग वाफ अडकते आणि कांदा परतला न जाता उकडत बसतो. पातेलं लहान असेल तर दोन शेगड्यांवर दोन भाग करा. दुसरी चूक म्हणजे घाईघाईत खायचा सोडा घालणं. चिमूटभर सोड्यानं कांदा झपाट्यानं लाल होतो हे खरं आहे, कारण अल्कधर्मी मिश्रणात तपकिरी होण्याची क्रिया वेगानं चालते. पण त्याच सोड्यानं कांद्याचा अक्षरशः लगदा होतो. पुढे वाटूनच घ्यायचा असेल तर चालेल, काप दिसायला हवे असतील तर नको. आणि ‘चिमूट’ म्हणजे खरोखर चिमूट. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती कशानंही जात नाही.

गार झालेला कांदा बर्फाच्या ट्रेमध्ये दाबून भरा, रात्रभर गोठवा आणि खडे पिशवीत काढून ठेवा. एका खड्यात साधारण एक ते दोन मोठे चमचे माल बसतो. फ्रीझरमध्ये तीन महिने चव चांगली राहते. वापरताना वितळवायची गरज नाही, थेट गरम पातेल्यात टाका. फक्त तेल फार तापलेलं नको, बर्फ पडला की ते उडतं.

लसणाचंही असंच करता येतं, पण त्यात एक धोका आहे आणि तो माहीत असणं गरजेचं आहे. सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी बाहेर ओट्यावर ठेवायची पद्धत दिसायला सुंदर आहे, पण घातक आहे. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आम्लता कमी असते आणि मातीतून आलेले बोटुलिझमचे जिवाणू अशाच ठिकाणी वाढून विष तयार करतात. ना वास बदलतो, ना चव. घरी केलेलं लसणाचं तेल फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावं, नाहीतर गोठवावं. गोठवणं सोपं. पाव किलो सोललेला लसूण, एक चहाचा चमचा मीठ आणि दोन-तीन मोठे चमचे तेल घालून वाटा आणि लगेच ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये टाका. वाटताना पाणी घालू नका, खडे दगडासारखे होतात. तेल असलं की सुरीनं अर्धा खडा कापता येतो.

वाटलेला लसूण हिरवट-निळसर झाला तर घाबरू नका. लसणातल्या गंधकाच्या संयुगांची अमिनो आम्लांशी क्रिया होऊन तो रंग येतो. लिंबू किंवा व्हिनेगर घातलं, किंवा लसूण बरेच दिवस थंडीत राहिलेला असला, की तो जास्त दिसतो. खायला काही हरकत नाही. बुरशी मात्र वेगळी. ती वर कापसासारखी, ठिपक्यांनी येते आणि ती दिसली की सगळंच फेकायचं.

आलं सोलत, वाटत बसूच नका. अख्खा तुकडा धुऊन, पुसून गोठवा आणि लागेल तेव्हा गोठलेलाच किसा. धागे निघत नाहीत आणि साल इतकी बारीक किसली जाते की कळतही नाही.

आता कडधान्यं. चणे, राजमा, वाल, जे असेल ते नेहमीच्या दुप्पट-तिप्पट शिजवा आणि पाण्यासकट गोठवा. अर्धा किलो कोरडे चणे शिजून एक किलोच्या वर भरतात, म्हणजे चार जणांच्या घरात दोन-तीन वेळची सोय झाली. भिजवताना पाण्यात मीठ घाला, लिटरला दोन चहाचे चमचे. ‘मिठानं कडधान्य शिजत नाही’ हे आपण ऐकत आलो आहोत, पण भिजवण्यात ते उलट आहे. सालीतलं पेक्टिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमनं घट्ट बांधलेलं असतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, त्यामुळे साल मऊ होते आणि शिजताना फुटत नाही. आठ ते बारा तासांनी ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा.

शिजू न देणारा खरा पदार्थ आहे आंबट. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर, यांतलं काहीही दाणा पूर्ण मऊ होण्याआधी पडलं तर तो तासभर उकळूनही कडकच राहतो. आंबट नेहमी शेवटी. तरीही शिजत नसेल तर एक तर माल जुना आहे, नाहीतर पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं आहे. जड पाण्यात पाव चहाचा चमचा सोडा काम करतो. वर्षानुवर्षं डब्याच्या तळाशी पडलेल्या दाण्यांना मात्र कशाचाच उपाय नाही.

रात्री भिजवायला विसरलात? कडधान्य भरपूर पाण्यात दोन मिनिटं खळखळून उकळा, गॅस बंद करून झाकण ठेवा आणि तासभर तसंच राहू द्या. मग पाणी बदलून नेहमीसारखं शिजवा. पोत थोडा कमी एकसारखा येतो, पण रश्शात ते कळत नाही.

प्रेशर कुकरमध्ये कडधान्य भरताना पाण्यासकट अर्ध्याच्या वर जाऊ नका. फेस आणि सुटलेली सालं वर येऊन वाफेचं तोंड बंद करू शकतात. एक चमचा तेल घातलं की फेस दबतो. शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ पाहा. शिट्टी किती वेळानं होते ते आच, पाणी आणि कुकरचा आकार यांवर ठरतं, त्यामुळे एका घरच्या सहा शिट्ट्या म्हणजे दुसऱ्या घरच्या नव्हेत. पूर्ण दाब आला की आच बारीक करा आणि तिथून वेळ धरा. भिजवलेल्या चण्यांना पंधरा ते वीस मिनिटं, राजम्याला बारा ते पंधरा. मग दाब आपोआप उतरू द्या. जबरदस्तीनं वाफ काढली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि दाणे फुटून पिठूळ होतात.

राजम्याबद्दल एक गोष्ट आणखी. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि ते मंद आचेवर जात नाही. संथ शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा घालून दिवसभर ठेवणं धोक्याचं आहे, कारण तिथलं तापमान पुरेसं चढेलच असं नाही. आधी भिजवून ते पाणी फेकायचं, मग किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचं आणि त्यानंतरच तशा भांड्यात टाकायचं. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, तिथे हा प्रश्न येत नाही.

पालेभाज्या आठवडाभर टिकत नाहीत अशी तक्रार असते. दोष बहुतेक वेळा भाजीचा नसतो, पानांवर राहिलेल्या पाण्याचा असतो. धुऊन लगेच डब्यात भरली की दोन दिवसांत काळी, चिकट पडते. धुवायची असेल तर स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या. मग डब्यात खाली कागदी रुमाल, वर पानं, त्यावर पुन्हा रुमाल. रुमाल ओला लागला की बदला. तेवढा वेळ नसेल तर न धुता ठेवा. अर्धवट कोरडी करून ठेवणं सर्वांत वाईट.

गोठवायच्या भाज्या आधी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात. कच्च्याच गोठवल्या तर आतली विकरं (एन्झाइम) थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि महिन्याभरात रंग उतरतो, वाळलेल्या गवतासारखा वास येतो. मटार दीड-दोन मिनिटं, फरसबी तीन, पालक दीड-दोन. लगेच बर्फाच्या पाण्यात, मग निथळून, पुसून ताटात एका थरात पसरून गोठवायचं आणि घट्ट झाल्यावर पिशवीत भरायचं. ताटाची ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग मटारचा एक मोठा दगड ओट्यावर आपटत बसतात. टोमॅटोला यातलं काही लागत नाही. अख्खेच गोठवा, वापरताना नळाखाली धरले की साल हातात येते.

काय गोठवू नये? उकडलेल्या बटाट्याच्या फोडी रवाळ होतात, काकडीचं पाणी होतं, दही फाटल्यासारखं दिसतं. बटाटे तर कच्चेही फ्रीजमध्ये नकोत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना ते आत शिजायच्या आधीच बाहेरून काळे पडतात. अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा, आणि कांद्यांपासून लांब.

अंडी आठवड्याची एकदम उकडून ठेवता येतात, सालासकट फ्रीजमध्ये सात दिवस चालतात. पाणी आधी उकळू द्या, मग फ्रीजमधली अंडी झाऱ्यानं अलगद सोडा आणि दहा-अकरा मिनिटांनी थेट बर्फाच्या पाण्यात. थंड पाण्यापासून सुरुवात केली तर पांढरा भाग हळूहळू घट्ट होत आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि सोलताना खड्डे पडतात. अगदी ताजी अंडी कशीही उकडली तरी नीट सोलत नाहीत. आठवडाभर जुनी घ्या.

आता गार करण्याबद्दल, कारण तयारी करून ठेवायची सवय लागली की चूक इथेच होते. मोठं पातेलं ‘गार झालं की आत ठेवू’ म्हणून ओट्यावर राहतं आणि झोपताना आठवतं. ४ ते ६० अंशांच्या मधे जिवाणू भराभर वाढतात आणि खोल पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास त्याच पट्ट्यात राहतो. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. उथळ डब्यांत पाच सेंटीमीटरपेक्षा जाड थर न देता काढा, किंवा पातेलं थंड पाण्याच्या टपात ठेवून ढवळा. किंचित कोमट असताना आत ठेवलं तरी चालतं, फ्रीज बिघडत नाही. फक्त उकळता हंडा दुधाशेजारी ठेवू नका.

भाताला तर एक तासच द्या. तांदळात असणारे एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून ‘चांगला कढत करून खाल्ला तर काय होतंय’ हे इथे लागू नाही. ताटात पसरून वाफ जाऊ द्या, डब्यात भरा, दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीजमधला भात कडक होतो कारण त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. कपाला एक मोठा चमचा पाणी शिंपडून, झाकून गरम केला की पुन्हा मोकळा होतो.

पातळ पदार्थ गोठवताना पिशवीत भरून आडवे, दोन सेंटीमीटर जाडीचे सपाट ठेवा. पाव तासात थंड पाण्यात सुटतात आणि हवा तेवढा तुकडा मोडताही येतो. काचेच्या बरणीत भरलंत तर वर दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली बरणी तडकते.

घाईत होणाऱ्या अपघातांपैकी खारट होणं पहिलं. बटाटा टाकला की मीठ शोषून घेतो, हे सगळीकडे सांगितलं जातं. बटाटा खारं पाणी शोषतो, नुसतं मीठ नाही. तो बाहेर काढला की उरलेला रस्सा तेवढाच खारट, फक्त मापानं थोडा कमी. उपाय एकच: प्रमाण वाढवणं. पाणी घाला, बिनमिठाचं शिजवलेलं कडधान्य किंवा भाजी घाला. इथे फ्रीझरमधले चणे उपयोगी पडतात, म्हणून ते शिजवताना मीठ कमीच ठेवा. थोडा लिंबाचा रस जिभेला फसवतो, पण मीठ आहे तेवढंच राहतं.

खाली लागलं तर ढवळू नका आणि खरवडू तर नकाच. वास येताक्षणी गॅस बंद करा, वरचा भाग डावानं दुसऱ्या भांड्यात काढा आणि चव बघा. तळाला हात लावला नसेल तर बहुतेक वेळा वरचं चांगलं असतं. करपलेल्या स्टीलच्या भांड्यात दोन बोटं पाणी आणि दोन मोठे चमचे सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं उकळा, थंड होईपर्यंत तसंच ठेवा, मग लाकडी उलथन्यानं पापुद्रे निघतात. ॲल्युमिनियमच्या भांड्याला हे करू नका, ते काळं पडतं. त्यासाठी सोड्याऐवजी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून उकळा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र मात्र घालू नका. फेस बघून फार काम होतंय असं वाटतं, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं खारं पाणी.

आणि फ्रीझरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा, पिशवी भरण्याआधी, कोरडी असतानाच. गोठलेल्या पिशवीवर ना पट्टी चिकटत, ना पेन चालत, आणि महिन्याभरानं तपकिरी कांदा आणि तपकिरी रस्सा सारखेच दिसतात.